हरलेल्यांची भाषा शिकवणाऱ्या मुंगसे बाई

मुंगसे बाईंनी मला वर्गाबाहेर काढलं तेव्हा मी चांगला तिशीचा होतो, एका मुलीचा बाप होतो, आणि केस पातळ व्हायला लागले होते. गुन्हा एवढाच की पहिल्या आठवड्यात मी हात वर करून विचारलं, "मॅडम, ते ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ कधी घेणार?"

"मॅडम कोण?" बाईंनी वर्गभर नजर फिरवली, जणू मागच्या बाकावर कुणी मॅडम लपून बसलीय. "मॅडम हा फ्रेंच शब्द आहे. सरदारांच्या बायकांना म्हणायचे. मी खेड तालुक्यातली आहे. बाई म्हणायचं. आणि स्वतःबद्दल सांगायला तुला दुसऱ्याची भाषा लागते? आधी बाहेर जाऊन स्वतःशी चार वाक्यं आपल्या भाषेत बोलून ये. जमलं तर आत ये. ऊठ."

मी उठलो. जिन्याखाली पंक्चरवाला होता. त्यानं टायरमधून डोकं न काढताच विचारलं, "काढलं का? पहिल्याच आठवड्यात? नशीबवान हाय राव. म्हंजी लक्ष हाय बाईंचं तुमच्यावर."

स्वतःशी बोलायला मी पंक्चरच्या टबाशेजारी उभा राहिलो आणि लक्षात आलं की मराठीतसुद्धा मला स्वतःबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. परभणीकडून आलो, चाकणच्या एका कंपनीत एचआरमध्ये असिस्टंट आहे, कंपनीचं नाव सांगत नाही कारण नोकरी अजून तिथंच आहे, आणि साहेब इंग्लिशमध्ये बोलायला लागला की मला लघवीला लागते. एवढंच. वर गेलो. बाईंनी काही विचारलं नाही. शिकवत राहिल्या.

दापोडीत रेल्वेलाइनच्या कडेला, पंक्चरच्या दुकानावर, पत्र्याची एक खोली. बाहेर ‘स्पोकन इंग्लिश’ अशी पाटी होती. ती घरमालकानं परस्पर रंगवून घेतलेली. आम्ही पाटी वाचून आलो होतो: कंपन्यांतले सुपरवायझर होऊ घातलेले ऑपरेटर, हिंजवडीच्या कॉलसेंटरात उभं राहू बघणाऱ्या दोन मुली, ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन घरी बसलेला एक पोरगा, आणि मी. सगळ्यांना बोलायचं होतं. बाई शिकवायच्या इंग्लिशचा इतिहास. कॉलेजातून निवृत्त होताना त्यांचा तो विषय अभ्यासक्रमातून काढून टाकला होता, आणि तो राग त्यांनी उचलून दापोडीला आणला होता.

रागाचं म्हणाल तर बाई सकाळी दूधवाल्यापासून सुरुवात करायच्या. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, पायात पोरांचे असतात तसले पांढरे बूट, कारण चपलेत तावातावानं फेऱ्या मारता येत नाहीत. गाडी आली की खोली हादरायची. बाई वाक्याच्या मध्यावर थांबायच्या, बोट तसंच हवेत, डोळे तसेच मोठे. शेवटचा डबा गेला की वाक्य जिथं तुटलं त्याच शब्दापासून, त्याच पट्टीत पुढं सुरू. मी घरी बायकोशी भांडताना हा प्रयोग करून बघितला. कुकरच्या शिट्टीला थांबलो. शिट्टी संपेपर्यंत मी कशावर चिडलो होतो तेच विसरलो. रागसुद्धा रियाजाची गोष्ट आहे.

फळ्यावर त्या इंग्लंडचा नकाशा काढायच्या, तो चेमटलेल्या तांब्यासारखा दिसायचा. "ह्या बाजूनं नावेतून टोळ्या आल्या. त्यांची भाषा म्हणजे इंग्लिशची आजी. मग उत्तरेकडून दुसरे लुटारू आले, त्यांचे शब्द घुसले. तुम्ही ‘दे’ म्हणता ना, ते लोक या अर्थी? तो शब्दही त्या लुटारूंचा. एवढासा सर्वनामाचा शब्द, तोही उसना! आणि आपल्या भाषेत दोन शब्द बाहेरचे आले की तुम्हाला लाज वाटते." मग फ्रेंच बोलणारा राजा समुद्र ओलांडून आला तिथं बाईंचा आवाज वर चढायचा.

"समजा, चाकणच्या पट्ट्यातल्या सगळ्या गावांचे पाटील, तलाठी, फौजदार, न्यायाधीश झटक्यात बदलले आणि सगळे कोरियन बोलायला लागले. जमिनीचा कागद कोरियनमध्ये. खटला कोरियनमध्ये. फाशी दिली तर तीही कोरियनमध्ये. मराठी बोलायची ती फक्त बैलाशी. असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. मग इंग्लिश का नाही मेली? सांगा! कुणी वाचवली? राजानं? पंडितांनी? नांगर धरणाऱ्यांनी वाचवली. चुलीपाशी बसणाऱ्या बायांनी वाचवली. ही हरलेल्यांची भाषा आहे, गाढवांनो, आणि तुम्ही तिला साहेबाची भाषा समजून चळाचळा कापता!"

मागून इंजिनिअर पोरगा म्हणाला, "पण बाई, नंतर त्यांनीच आपल्यावर राज्य केलं की."

"केलं ना! म्हणून तर डोकं फिरतं माझं. स्वतः मार खाल्ला, आणि हातात काठी आल्यावर तीच काठी दुसऱ्याच्या पाठीत. निदान त्यांनी तरी शहाणं असायला नको होतं का?" बाई त्या भाषेवर अशा चिडायच्या जशी एखादी आई शिकून मोठ्या झालेल्या पोरावर चिडते.

एकदा मी उतारा वाचत होतो. ‘नाइफ’ शब्द आला. मला तो फक्त डोळ्यांनी माहीत होता. मी छातीठोक म्हणालो, "क्नाइफ." कॉलसेंटरच्या मुली हसून हसून बाकावर आडव्या झाल्या. मला वाटलं, आता परत पंक्चरच्या टबाशी. पण बाई वर्गावरच तुटून पडल्या.

"हसताय कुणाला? सहाशे वर्षांपूर्वी लंडनच्या बाजारात ह्यानं असं म्हटलं असतं तर सुरीवाल्यानं सुरी दिली असती आणि तुमच्या ‘नाइफ’ला येडं ठरवलं असतं. तो ‘क’ लोक बोलत होते म्हणून लिहिला गेला. पुढं बोलायचं सोडलं आणि लिहायचं तसंच राहिलं. ह्याचं काही चुकलेलं नाही." माझी मान ताठ झाली. बाईंनी लगेच माझ्याकडे वळून म्हटलं, "आणि तू फुगू नकोस. तू सहाशे वर्षं उशिरा पोचलायस."

अजूनही ऑफिसात मी उशिरा गेलो की मला हेच आठवतं.

इंजिनिअर पोराला हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा त्यानं आम्हाला शिक्रापूर रस्त्यावरच्या ढाब्यावर नेलं. बाई आल्या, बूट घालून. वेटर साठीचा, बोलण्यावरून आमच्या मराठवाड्याकडचा. पोरगा नव्या शर्टात. त्यानं मेनूकार्डाकडे न बघता त्या म्हाताऱ्याला ऑर्डर सोडली, "फोर मटन प्लेट्स. अँड मेक इट फास्ट, ओके?"

वेटर ‘व्हय साहेब’ म्हणून गेला. ताटं आली तेव्हा बाई म्हणाल्या, "मटन. फ्रेंच शब्द आहे बरं का. जो धनगर मेंढी राखायचा, थंडीत तिच्याबरोबर झोपायचा, तो तिला शीप म्हणायचा. ताटात पडली की मटन, कारण ताटावर बसणारा फ्रेंच. राखणाऱ्याचा शब्द निराळा, खाणाऱ्याचा निराळा. तू आता कुणाच्या बाजूला बसलायस ते बघून घे. त्या माणसाला मराठीत ‘भाऊ’ म्हणायला तुझी जीभ झडते का रे?"

पोराचा चेहरा पडला. माझ्या तोंडात नळी होती. ती चोखत राहावी तर मी फ्रेंच सरदार ठरत होतो, बाहेर काढावी तर आतला गर वाया जात होता. वेटरनंच सोडवलं. "बाई, रस्सा गार व्हतोय. लेकरांला जेवू द्या," तो म्हणाला, आणि बाई मुकाट्यानं भाकरी मोडू लागल्या. माझ्या माहितीत त्यांनी ऐकलेली ती एकमेव आज्ञा.

हे सगळं ठीक होतं. राग वर्गातला, ढाब्यावरचा. ऐकून घरी जाता येत होतं. मग आमच्या कंपनीत संतोष गव्हाणेची चौकशी लागली.

आमच्याकडे मोटारीच्या दरवाजांचे पत्रे दाबून निघतात. संतोष प्रेस चालवायचा. कंपनीच्या कुंपणापलीकडे जे गाव दिसतं, त्या गावचा. एका सकाळी त्यानं लाल बटण दाबून प्रेस बंद केली आणि चालवायला नकार दिला. माल वेळेत गेला नाही. त्याला निलंबित करून इंग्लिशमधलं आरोपपत्र दिलं. आपल्याकडे अशी चौकशी म्हणजे छोटं कोर्टच असतं: बाहेरचा वकील अधिकारी म्हणून बसतो, जबाब होतात, आणि शेवटी बहुतेक वेळा माणूस घरी जातो. संतोषची नोकरी गेली असती तर साधी गेली नसती. ह्या पट्ट्यात एका कंपनीनं चौकशी करून काढलेल्याला दुसरी कंपनी गेटवर उभं करत नाही.

त्याला इंग्लिश येत नव्हती. कागदोपत्री नीट दिसावं म्हणून वकीलसाहेब म्हणाले, एखादं बाहेरचं माणूस समजावून सांगायला बसवा. संतोषनं मला हळूच सांगितलं, "आमच्या गावच्या आक्का हायत, दापोडीला. इंग्रजीच्या बाई." मी साहेबाकडे गेलो आणि म्हणालो, "सर, माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. वयस्कर आहेत. अगदी शांत."

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललोय, पण इतकं शुद्ध क्वचितच.

ट्रेनिंग रूममध्ये आम्ही पाच जण. वकीलसाहेब पुण्याचे, प्लँट मॅनेजर सांगलीचे, मी परभणीचा, टाइप करायला. समोर संतोष आणि बाई. पाचही जण मराठी. आणि वकीलसाहेबांनी सुरुवात केली, "मिस्टर गव्हाणे, यू आर चार्ज्ड विथ विलफुल इनसबॉर्डिनेशन." संतोष माझ्याकडे बघायचा, मी कीबोर्डकडे. अशी पानं भरत गेली. मध्येच चहा आला. वकीलसाहेबांनी घोट घेतला नि चेहरा फुलला. "वा! आलं घातलंय! आमच्याकडे बायको घालू देत नाही हो, पित्त होतं म्हणे." मॅनेजर म्हणाले, "सांगलीला या साहेब, तिथला चहा प्या." पाच मिनिटं सगळी खोली मराठीत हसली. कप खाली ठेवला गेला. "सो, मिस्टर गव्हाणे."

मध्ये बोलायचं नाही, समजावायचं ते शेवटी, असं वकीलसाहेबांनी बाईंना सुरुवातीलाच बजावलं होतं, आणि बाई अजून गप्प होत्या.

शेवटी मी पानं छापली आणि संतोषपुढे ठेवली. त्यानं पेन उचललं. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"काय लिहिलंय त्यात?"

"ठावं न्हाई आक्का. सही कर म्हनले."

"खालची ओळ अशी आहे की वरचा सगळा मजकूर तुला मराठीत समजावून सांगितला आणि तुला तो समजला. कुणी सांगितला?"

"कुनी न्हाई."

वकीलसाहेब हसले. "मॅडम, ते नेहमीचं वाक्य आहे. सगळीकडे असतं."

‘मॅडम’ ऐकताच मी डोळे मिटले.

"मिटवा मग ते वाक्य सगळीकडनं!" बाई उभ्या राहिल्या. "लाज न्हाई वाटत? चहाला मराठी, नि ह्याच्या पोटावर पाय द्यायला इंग्लिश?"

"मॅडम, कंपनीचे ग्राहक परदेशी आहेत. जर्मन. रेकॉर्ड इंग्लिशमध्ये लागतं."

"जर्मन हायत ना? मग जर्मनमधी घ्या चौकशी! मला बी न्हाई कळायची, तुमाला बी न्हाई. सगळे सारखे!" बाई रागाच्या एका पायरीनंतर गावच्या बोलीत उतरायच्या, आणि एकदा उतरल्या की त्यांना परत वर आणणं कुणाच्या हातात नसायचं. "तुमचा चार्ज, तुमची इन्क्वायरी, तुमचा एव्हिडन्स, ह्यो एकेक शब्द फ्रेंच सरदारांचा हाय. इंग्लंडचा शेतकरी असाच हुबा ऱ्हायचा कोर्टात, तोंडाकडं बघत. वकील त्याच्याच बाजूनं बोलतोय का इरुद्ध, त्ये बी त्याला कळत नव्हतं. मग त्यांच्या राजाला कायदा करावा लागला, की कोर्टात लोकांच्या भाषेत बोला. इंग्रजांनी सुद्दा केला ओ! आणि त्यो कायदा लिवला कशात? फ्रेंचमधी! कळत हुतं त्यांना, तरी हात सुटंना. तसा तुमचा बी सुटंना झालाय."

"इंग्लंडचा इतिहास इथं गैरलागू आहे," वकीलसाहेब म्हणाले. पण मराठीत म्हणाले.

मॅनेजरनं घड्याळ बघितलं आणि कंटाळून हात हलवला. "घ्या हो साहेब मराठीत. संपवा."

वकीलसाहेबांनी पानं उलटली. शब्द सापडेनात. अखेर म्हणाले, "प्रेस बंद केलीस?"

"व्हय."

"का?"

"हात आत आसला की प्रेस आपुआप थांबवनारा सेन्सर आसतो, त्यो बंद व्हता. सुपरवायझरला सांगितलं. त्यो म्हनला माल येळेत जायचाय, चालव. मी म्हनलं, न्हाई चालवनार, मला दोन हात हायती, दोन्ही लागत्यात."

तासभर इंग्लिशमध्ये जो गुन्हा फुगत फुगत पानंच्या पानं झाला होता, तो मराठीत चार वाक्यांत संपला, आणि संपताना भलत्याच माणसाकडे बोट करून गेला. मी ती चार वाक्यं टाइप करायला जन्म घालवला, कारण मराठी कळफलकावर मला ‘ळ’ सापडत नव्हता. परभणीच्या माणसाला ‘ळ’ सापडू नये! बाई मागून म्हणाल्या, "घाल वेळ. पण लिही."

त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो. बाईंना गेटपर्यंत सोडताना मी ढाब्यावर जेवायचा बेतही बोलून टाकला. बाई नुसत्या ‘हूं’ म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावणं आलं. तीच खोली, तीच माणसं. ह्या वेळी टेबलावर एकच पान होतं आणि ते मराठीत होतं. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, मी टाइप केलं होतं. एकही इंग्लिश शब्द नाही. त्यांनी ते सावकाश, शाळेत धडा वाचावा तसं वाचलं. ‘माझ्या हातून घडलेल्या गैरवर्तनाबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे. यापुढे वरिष्ठांच्या परवानगीशिवाय मी कोणतेही यंत्र बंद करणार नाही.’ सही केली तर आजच्या दुसऱ्या पाळीपासून कामावर. नाही केली तर बडतर्फ.

"समजलं का संतोष? काही अडलं तर विचार. आपल्याला घाई नाही," वकीलसाहेब गोड आवाजात म्हणाले.

"समजलं."

"सगळं?"

"सगळं समजलं, साहेब."

बाईंनी पान ओढून घेतलं. वाचलं. परत वाचलं. मी त्यांच्याकडे बघत होतो, आता सुटतील, आता सुटतील. पण पकडायला काही नव्हतं. जे मागितलं होतं तेच त्यांच्या हातात दिलं होतं, आणि तेच त्यांच्या गळ्याशी आलं होतं.

"सही करू नको," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता.

"आक्का, घरी चार तोंडं हायती. हितनं काडलं तर आख्ख्या चाकणमधी कोन घेनार न्हाई. तुमी लय केलं." त्यानं सही केली. वाचून, समजून, तारखेसकट केली. बाईंना खाली वाकून नमस्कार केला आणि पाळीला गेला.

बाई मॅनेजरकडे वळल्या. "सेन्सर दुरुस्त झाला का?"

"इट इज बीइंग लुक्ड इन्टू, मॅडम."

"कोण बघतंय? नाव सांगा. मराठीत सांगा."

मॅनेजरनं फोन कानाला लावला. तो वाजलेला नव्हता. वकीलसाहेब बॅगेची चेन लावण्यात गुंतले. प्रश्न सगळ्यांना समजला होता. मराठीत तर होता.

नंतर दापोडीचा वर्ग बंद पडला. बाई गावी राहायला गेल्या असं पंक्चरवाला सांगतो. त्या दिवसानंतर माझी त्यांची गाठ नाही. पण त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मला ती प्रेस दाखव," आणि मी, नियम मोडून, त्यांना आत नेलं.

हेल्मेट मोठं होतं, ते भुवयांवर घसरत होतं. चष्म्यावर दुसरा चष्मा, साडीवर केशरी जाकीट. जमिनीवरच्या पिवळ्या रेघेपाशी मी त्यांना थांबवलं. त्यापुढं बाहेरच्या माणसाला जाता येत नाही. समोर संतोष उभा होता. त्यानं आमच्याकडे बघितलं नाही, त्या कामात बघता येत नाही. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर, प्रेस खाली. पायाखालची फरशी थडथडायची.

हात आत गेला की बाईंचा जबडा आवळायचा. बाहेर आला की सुटायचा. सिक्युरिटीवाला येऊन माझ्या खांद्याला हात लावून गेला, मग पुन्हा आला. मी बाईंच्या कोपराला धरून गेटकडे खूण केली. त्यांनी माझा हात झटकला. बुटांची टोकं पिवळ्या रेघेला लावून उभ्या राहिल्या आणि डोळे त्या हातांवरून काढले नाहीत.

पत्रा आत गेला. हात बाहेर आला. प्रेस खाली आली. संतोषनं पुढचा पत्रा उचलला.